फडक्यावर उरलेलं

कुरिअरवाल्याने खोकं हातात दिलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि आतली बाटली कोमट झाली होती. अर्धा लिटर पाणी, किंचित शेवाळी रंगाचं. गॅलरीत जाऊन उजेडासमोर धरली. पाण्यात कुणी खसखस सांडावी तसे कण होते, आणि ती खसखस चालत होती. एकेक कण थबकायचा, एक झटका द्यायचा, पुन्हा थबकायचा. आई चष्मा लावून शेजारी आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, हे किडे तू पैसे देऊन आणलेस?"

आणले होते खरे. त्यांचं नाव कोपेपॉड. हौशी मंडळी नुसतं 'पॉड्स' म्हणतात. ग्रीकमध्ये कोपे म्हणजे वल्हं आणि पॉड म्हणजे पाय. संस्कृतात वल्ह्याला अरित्र म्हणतात, म्हणून आपल्याकडे अरित्रपाद. नाव एवढं भारदस्त आणि प्राणी जेमतेम मिलिमीटरभर. कोळंबी-खेकड्यांच्याच गोत्रातला. जगातल्या समुद्रांचं पोट याच्यावर चालतं. वनस्पती-प्लवंग हा खातो, याला मासळीची पिल्लं खातात, आणि बाजारात आपण ज्या बांगड्या-तारलीवर घासाघीस करतो त्यांच्या खुराकातही हा असतो.

आमची लालबागच्या चाळीतली खोली दहा बाय बारा. खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचा म्हटल्यावर पहिला प्रश्न माशांचा नव्हता, जमिनीचा होता. खाली लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर लादी. ऐंशी लिटर पाणी, दगड, काच आणि लोखंडी स्टँड म्हणजे दोन धडधाकट माणसं कोपऱ्यात कायमची उभी करून ठेवण्यासारखं. पहिल्याच वर्षी एका नळीचा जोड निसटला आणि चार-पाच लिटर खारं पाणी खालच्या मजल्यावरच्या जैन काकींच्या गादीवर ठिबकलं. त्या भांडल्या नाहीत. "मीठ आहे यात," एवढंच म्हणाल्या.

टँकमध्ये दोन क्लाऊनफिश आहेत आणि काही मऊ प्रवाळ. दगडी सांगाड्याचं प्रवाळ नाही. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, वाघाच्या पंगतीत. मुंबईच्या समुद्रात प्रवाळ असतं हे पुष्कळांना २०२० साली कळलं. त्या वर्षी कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या अठरा वसाहती रीतसर परवानगी काढून दुसरीकडे हलवल्या. तोवर आपल्या लेखी तो खडक म्हणजे भरतीत बुडणारा आणि ओहोटीत वास मारणारा. मीही तसाच. लहानपणी शाळेच्या सहलीतून मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात जायचो, १९५१ सालच्या त्या वास्तूत काचेला नाक लावून मासे बघायचो, आणि बाहेर आल्यावर रस्त्यापलीकडच्या समुद्राकडे पाठ करून भेळ खायचो. ते मासे खातात काय, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नाही.

तो आला मँडरिनमुळे. निळ्या अंगावर केशरी वळणं असलेला बोटाएवढा मासा, पैठणीचा पदर पाण्यात सोडावा तसा. "सगळं खातो," दुकानदार म्हणाला. मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. घरी आणला. वरून टाकलेल्या दाण्यांकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. तो दिवसभर दगडांवरून हळूहळू फिरायचा, थांबायचा, निरखायचा, मध्येच टोचल्यासारखं तोंड लावायचा. मला वाटलं, शेवाळ खातोय. तो पॉड्स शोधत होता, आणि माझ्या नव्या, धुतलेल्या, स्वच्छ दगडांवर पॉड्स नव्हते. तिसऱ्या आठवड्यात त्याचं पोट आत गेलं. सहाव्या आठवड्यात सकाळी तो टँकच्या मागच्या कोपऱ्यात आडवा मिळाला. रंग तसेच होते. उपाशी मेलेल्या जिवाचे रंग आधी उडतात असं मला उगाचच वाटत होतं.

मग वाचत गेलो, आणि वाचता वाचता समुद्र सोडून भलत्याच पाण्यात येऊन पडलो.

माझी आजी साताऱ्याकडची, माण तालुक्यातली. गिरणीतल्या नवऱ्याचा हात धरून लालबागला आली. तिच्या डाव्या पायावर घोट्याच्या वर एक चकचकीत वण होता. "नारूचा," ती सांगायची. फोड आला, आग व्हायला लागली, मग फोडातून दोऱ्यासारखं पांढरं टोक डोकावलं. ते काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं, बोटभर, ओढायचं. घाई केली तर तुटतो आणि पाय सुजतो. हातभर लांब नारू निघायला महिना लागला होता. आम्ही पोरं तोंड वाकडं करून ऐकायचो आणि पुन्हा सांग म्हणायचो.

नारूची अळी ज्याच्या पोटात बसून माणसापर्यंत येते तो प्राणी म्हणजे सायक्लॉप्स. गोड्या पाण्यातला कोपेपॉडच. एकच डोळा असतो म्हणून ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचं नाव. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस उतरतो, आग थंडावायला फोडाचा पाय पाण्यात बुडवतो, नारू तिथे अळ्या सोडतो. त्या सायक्लॉप्स खातो, आणि ते पाणी दुसरा माणूस पितो. फेद्चेंको नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने हा दुवा १८७०च्या सुमारास मध्य आशियात ओळखला. पण मला गंमत वाटली ती पुढे. याच नारूचा आणि सायक्लॉप्सचा अभ्यास विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड यांनी केला तो परळच्या प्रयोगशाळेत. तीच पुढे १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. आमच्या चाळीपासून चालत पाऊण तासही नाही. आजी त्या फाटकावरून केईएम इस्पितळात कितीदा गेली असेल.

या रोगाला लस नव्हती, औषध नव्हतं. उपाय एकच: पाणी फडक्यातून गाळायचं. सायक्लॉप्स फडक्यावर राहतो, खाली येतं ते पाणी निर्धोक. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. विहिरींच्या पायऱ्या बंद झाल्या, हातपंप आले, हे सगळं आहेच. तरी एवढा मोठा रोग सुती कापडाला भिऊन गेला, हे मला अजून नवलाचं वाटतं.

आजी मुंबईतही गाळायची. तानसाचं पाणी नळाला यायचं, त्यात कसला आलाय नारू. पण पहाटे चारला सामाईक नळावर आमचा नंबर लागला की आधी आजोबांच्या जुन्या धोतराचा दुपदरी धडपा नळाच्या तोंडाला, मग तांब्याचा हंडा. कवचवाल्या बारक्या जिवांना तांबं अजिबात सोसत नाही हे मी टँक ठेवल्यावर शिकलो. तिला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. पाणी भरून झालं की ती धडपा उलटा करून मोरीत झटकायची, दोनदा, जोरात.

तर असा मी, त्या बाईचा नातू, फडक्यावर उरणारं जे ते पैसे मोजून मागवतो.

बाटली घेऊन जिना चढत होतो तेव्हा खालच्या काकींनी विचारलं होतं, काय आणलं. मी सांगितलं. त्यांना आईसारखी शिसारी आली नाही. त्यांच्याकडेही पाणी गाळतात, आजही, पण कारण उलटं. पाण्यातले जीव आपल्या पोटात जाऊन मरू नयेत म्हणून. गाळून जे उरतं त्याला त्या जिवाणी म्हणतात, आणि ज्या पाण्यातून ते आलं त्याच पाण्यात परत सोडायचं असा दंडक. "विहीर होती तेव्हा सोपं होतं," त्या म्हणाल्या. "पाइपात परत कसं घालणार?" मग बाटलीकडे बघून, "तुझे हे वाढणार?" वाढतील म्हटलं. "आणि मासे यांना खाणार?"

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि दार लोटलं.

न्यूयॉर्कमध्ये २००४ साली ब्रुकलिनच्या सनातनी ज्यू वस्तीत असाच पेच पडला होता. नळाच्या पाण्यात कोपेपॉड दिसले. कवचवाला जलचर धर्माने निषिद्ध, मग पाणी प्यायचं की नाही? धर्मगुरूंचा खल झाला आणि पुष्कळांनी गाळण्या बसवल्या. मिलिमीटरभर जीव, पण माणसाला धर्मसंकटात टाकायची त्याची ताकद दांडगी.

पॉड्स सोडायचे रात्री. दिवे असताना सोडले तर क्लाऊनफिश पाच मिनिटांत मेजवानी उरकतात. आधी बंद बाटली टँकच्या पाण्यात वीस मिनिटं तरंगत ठेवली, उष्णता सारखी व्हायला. मग टँकचं पाणी पेल्यापेल्याने बाटलीत, खारटपणा जुळायला. दिवे घालवले, पंप आणि फेस काढणारा स्किमर बंद केले. बारीक नळीने दगडांच्या कपारींपाशी आणि मागच्या कप्प्यात चेटो नावाच्या गुंतवळासारख्या शेवाळात त्यांना हळूहळू उतरवलं. निम्मे इथे, निम्मे तिथे. मागचा कप्पा म्हणजे त्यांचं माहेर, तिथे मासा पोचत नाही. पंप बंद झाल्यावर खोली इतकी शांत झाली की रस्त्यावरच्या टॅक्सीचं दार ऐकू आलं. लालबागेत अशी शांतता दुर्मीळ. गणपतीच्या दिवसांत ढोल वाजतात तेव्हा टँकच्या पाण्यावर परातीतल्यासारखी वर्तुळं उठतात.

सोडून भागत नाही, त्यांना खायलाही घालावं लागतं. त्यांचं अन्न 'फायटो', म्हणजे हिरवं पाणी. दोन लिटरच्या बाटलीत खारं पाणी, थोडं खत, मूळ वाणाचा कपभर हिरवा द्रव, हवेची नळी, आणि वर ट्यूबलाइट. आठ-दहा दिवसांत पाणी पोपटीचं गर्द हिरवं होतं. रोज दोन-तीन चमचे पुरे. जास्त घातलं तर टँक नासतो. माझी पहिली बाटली आईने पुदिन्याचं उरलेलं पाणी समजून तुळशीला घातली. आठवड्यात तुळस करपली. आईने मला आणि मी आईला जे बोलायचं ते बोललो, आणि नवी तुळस दादरहून मी आणली. तेव्हापासून बाटलीवर कागद चिकटवलाय: 'खारं आहे'.

दहा-बारा दिवसांत पॉड्सची पिढी उलटते. मादी पोटाखाली अंड्यांची थैली घेऊन फिरते. पिल्लू निघतं ते आईसारखं मुळीच नसतं. एकडोळ्या ठिपका नुसता. तो कात टाकत टाकत मोठा होतो. हे मी भिंगाने बघितलं, रात्री अकरानंतर, आई झोपल्यावर. टॉर्चला लाल जिलेटिन गुंडाळून काचेशी बसायचं. आधी काहीच दिसत नाही. मग एक ठिपका सरकतो. मग लक्षात येतं की सगळी काच सरकतेय. समुद्रातही हे असेच रात्री वर येतात आणि उजाडताना खोल जातात, रोज. हे उमगल्यापासून गिरगाव चौपाटीवर गेलो की मी अंधारात पाण्याकडे जरा जास्त वेळ बघतो. दिसत काही नाही.

काचेच्या डाव्या कोपऱ्यात मार्करने इंचभराचा चौकोन आखलाय. पहिल्या आठवड्यात त्यात तीन-चार दिसायचे. काल रात्री एकतीस मोजले. दुसरा मँडरिन आणलेला नाही, आणणारही नाही. एकटा मँडरिन ऐंशी लिटरचा टँक महिन्याभरात फस्त करतो. तुमच्याकडे मोठा, वर्षभर मुरलेला टँक असेल आणि मोह झालाच, तर दुकानात आधी त्याचं पोट बघा, आत गेलेलं असेल तर घेऊ नका. आणि त्याच्याही आधी, घरी, दिवे घालवून काच मोजा.