किल्ली कोणाच्या कनवटीला?

लालबागच्या एका चाळीत राहणारे, गिरणीतून निवृत्त झालेले ७६ वर्षांचे एक गृहस्थ माझे जुने रुग्ण आहेत. सारे त्यांना आबा म्हणतात. गेल्या वर्षी प्रोस्टेटच्या तक्रारीसाठी मी त्यांना तज्ज्ञांकडे पाठवले होते. बायॉप्सी झाली, अहवाल ऑनलाइन मिळणार होता. काही दिवसांनी आबा दवाखान्यात आले, ते अहवाल न घेता. खुर्चीत बसत त्यांनी विचारले, “डॉक्टर, घरात सगळे माझ्याशी एवढे जपून का बोलतात हो?”

उलगडा लवकरच झाला. लॅबच्या अर्जावर मुलाचा मोबाइल क्रमांक होता. अहवाल तयार झाल्याचा संदेश आणि तो उघडण्यासाठीचा ओटीपी, दोन्ही त्याच्याकडेच गेले. त्याने कर्करोगाचे निदान वाचले, पत्नीला आणि बहिणीला सांगितले; ‘आबांना इतक्यात कळू द्यायचे नाही’ असेही ठरले. ज्यांच्या देहाविषयीची ती वार्ता होती, त्यांनाच ती सर्वांत शेवटी कळली. मुलाच्या मनात कपट नव्हते, मायाच होती. पण मायेपोटीही माणसाच्या कनवटीची किल्ली काढून घेतली जाऊ शकते, हे मला त्या दिवशी उमगले.

मग माझे लक्ष माझ्याच दवाखान्याकडे गेले. पंचवीस वर्षे मी पडद्याआड, हलक्या आवाजात रुग्णांशी बोलत आलो. बाहेर मात्र आमची रिसेप्शनवरची मुलगी भर गर्दीत “आजी, ओटीपी सांगा!” म्हणून विचारी आणि आजीही तितक्याच खणखणीत स्वरात सहा आकडे सांगत. औषधांच्या फायलीवर ठळक अक्षरांत लिहिलेले पासवर्ड तर मी कितीदा तरी पाहिले होते. रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्यकीचा जुना धर्म; त्यात या नव्या किल्ल्याही येतात, हे माझ्या ध्यानीच आले नव्हते.

ही कुलपे चालतात तरी कशी? नीट बांधलेल्या संकेतस्थळावर आपला पासवर्ड जसाच्या तसा साठवलेला नसतो. गणिती प्रक्रियेने त्याचे असे रूपांतर केलेले असते, की त्यावरून मूळ शब्द ओळखणे फार कठीण व्हावे. आपण पासवर्ड टाइप केला की त्यावर तीच प्रक्रिया होते आणि दोन्ही रूपे जुळली तर दार उघडते. म्हणूनच प्रामाणिक कर्मचाऱ्याला आपला पासवर्ड विचारण्याचे कारणच पडत नाही. जो विचारतो, त्याच्याविषयी शंका घ्यावी.

ओटीपी ही त्या क्षणापुरती घडवलेली किल्ली. फोनवरून ती कोणालाही देऊ नये. रुग्णालयाच्या खिडकीवर ‘आभा’ क्रमांकासारख्या खऱ्या कामासाठी ती मागितली जाते. तेव्हाही संदेश कशासाठी आला आहे ते आधी वाचावे आणि शक्य असल्यास आकडे स्वतःच्या हाताने भरावेत.

मोठ्या संस्थांवरही घाला पडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्यामुळे दिल्लीच्या ‘एम्स’चे सर्व्हर बंद पडले आणि कित्येक दिवस नोंदणीचे काम कागदावर करावे लागले. संस्थेचे दार सांभाळणे आपल्या हाती नसते. पण एकाच किल्लीने घरातली सगळी कुलपे उघडू नयेत, एवढे आपण पाहू शकतो. बँक, ईमेल आणि आरोग्याची खाती यांचे पासवर्ड निरनिराळे असावेत. नाव आणि जन्मवर्ष जोडून केलेला पासवर्ड शेजारीसुद्धा ओळखतो. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहावेत. तुळस, ट्राम, जिलबी, छत्री असे काहीतरी. अर्थात हेच शब्द मात्र घेऊ नयेत!

लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून ठेवण्यात कमीपणा नाही. वही कपाटात असावी. फायलीत किंवा मोबाइलच्या कव्हरात नसावी. ती कुठे आहे हे विश्वासातल्या एका माणसाला ठाऊक असावे. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश सांगून येत नाही. हात-बुद्धी शाबूत आहेत तोवरच ही व्यवस्था केलेली बरी. आणि फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवावे. वेळेवर कळवल्यास पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. ज्येष्ठांचे खाते उघडण्यापूर्वी “बघू का?” एवढे विचारा. मदत करणे वेगळे आणि ताबा घेणे वेगळे.

निदान मी आबांना मुलाच्या समोरच सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. मग मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “मला सांगितलं असतंस, तर चार दिवस एकट्याने वाहिलं नसतंस.” आता उपचार सुरू आहेत. लॅबच्या अर्जावर आबांचा स्वतःचा क्रमांक आहे. परवा ते मला म्हणाले, “वही कुठे आहे ते सूनबाईला सांगून ठेवलंय, डॉक्टर. पण उघडायच्या आधी मला विचारायचं, असं ठरलंय आमचं.”

आमच्या रिसेप्शनवरही आता ओटीपी मोठ्याने विचारला जात नाही.