फितीवरील अक्षता

माळव्यातील मराठी घरांत दस्तऐवजांइतक्याच जपून ठेवलेल्या, परंतु उघडून पाहण्याचे साधन आता घरात उरलेले नाही अशा काही वस्तू आढळतात. व्हीएचएस कॅसेट ही त्यांपैकीच एक. आमच्या आप्तवर्गाकडून अशा दोन कॅसेटी आमच्या हाती आल्या. पहिलीवर १९९१ साली धार येथे झालेल्या एका विवाहाचे चित्रण होते. दुसरीवर देवासच्या टेकडीवरील, तुळजाभवानी व चामुंडा या दोन्ही मातांच्या स्थानी झालेल्या नवरात्राचे. धारची कॅसेट माळव्याच्या कोरड्या हवेत राहिली. देवासची मात्र एका नातलगाबरोबर फोंड्यास गेली आणि तेथील दमट हवेत तिच्या रिळांवर पांढरी बुरशी चढली. धारच्या विवाहातील वधूची आजी आज हयात नाही, आणि तिचे चालतेबोलते रूप त्या एका फितीवाचून अन्यत्र कोठेही नाही. त्यामुळे हे काम आम्हांस केवळ हौसेचे वाटले नाही.

असल्या कामात पहिला नियम असा, की दोष कोठे उत्पन्न झाला हे कळल्यावाचून त्यास हात लावू नये. चित्रात मुंग्या दिसू लागल्या की फीत खराब झाली, असे आपण म्हणून मोकळे होतो. पण तीच फीत दुसऱ्या यंत्रात आणि दुसरी चांगली फीत त्याच यंत्रात लावून पाहावी. मुंग्या यंत्राबरोबर राहिल्या तर हेड मळलेले असते. फितीबरोबर गेल्या तर दोष फितीचा. धारच्या कॅसेटीतील निम्म्याहून अधिक मुंग्या हेड पुसून ट्रॅकिंग जुळविताच नाहीशा झाल्या. चित्राचा माथा एका बाजूस वाकत होता, तो फितीवरील ताण बिघडल्यामुळे. प्रत्येक ओळ क्षणभर धरून योग्य वेळी सोडणाऱ्या टाइम बेस करेक्टर नामक यंत्राने तो सरळ झाला. बुरशी आलेली फीत तर तशीच लावूच नये. हेड बुजते, आणि बुरशी पुढच्या कॅसेटींसही लागते. ती आधी जाणत्या माणसाकडून स्वच्छ करून घ्यावी लागली.

काही दोष दोष नसतातच. चित्राच्या तळाशी फाटक्या काठासारखी एक पट्टी दिसते. आपल्याकडील पद्धतीत यंत्रातील हेडचे नळकांडे मिनिटास १,५०० फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात दोन हेड मिळून एक चित्र पुरे करतात, आणि एका हेडाने दुसऱ्याच्या हाती काम सोपविताना हा काठ उमटतो. जुन्या दूरदर्शन संचाच्या चौकटीआड तो झाकला जाई. संगणकावर तो उघडा पडला, एवढेच.

खरा प्रश्न पुढे उभा राहिला. फितीवरील चुंबकीय थर जेथे झडतो, तेथे क्षणमात्र पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो. हे ठिपके आपोआप पुसणारी योजना संगणकात असते. एका व्यावसायिकाने आमचे चित्रण तीतून काढून दिले. चित्र निर्मळ झाले, पण मंगलाष्टकांच्या अखेरीस आजीची मूठ उघडते आणि तीतून काहीच पडत नाही! योजनेचा न्याय साधा होता. जे एकाच चित्रात दिसते, मागच्यात नाही आणि पुढच्यातही नाही, तो मळ. अक्षताही तशाच दिसतात. देवासच्या आरतीतील धुपाचा धूरही ह्याच न्यायाने पुसट मेणासारखा थिजला होता.

मंदिराच्या जीर्णोद्धारात जाणता कारागीर काजळी काढतो, पण दगडावरचे कोरीव काम खरवडीत नाही. काजळी कोणती व कोरीव काम कोणते, हे त्यास पाहून ठरवावे लागते. यंत्रास ते ठरविता येत नाही. अक्षता ओळखण्यास ते लग्न आपले असावे लागते. म्हणून आम्ही यंत्रातून प्रथम उतरलेली, काहीही न पुसलेली प्रत मूळ म्हणून वेगळी ठेविली. सफाई केली ती दुसऱ्या प्रतीवर, आणि तीही घरातील वडीलधाऱ्यांस शेजारी बसवून, तुकड्यातुकड्याने. आजीच्या त्या क्षणास हात लावला नाही. तेथे अक्षतांबरोबर काही पांढऱ्या रेघाही राहिल्या आहेत.

असे यंत्र बनविणाऱ्या अखेरच्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबविले. जी यंत्रे चालू आहेत, ती जुनीच होत. आमच्या वाचकांच्या कपाटांत, विशेषतः गोमंतकात व कोकणपट्टीत, अशा कॅसेटी असतील, तर त्या पुढच्या पावसाळ्यापूर्वी बाहेर काढाव्यात. उतरवून देणाऱ्यास प्रथमच बजावावे, की आधी जसे आहे तसे उतरवा; पुसण्याचे मागाहून, आम्ही शेजारी बसून सांगू.