दोन खुणा

दुकानाची गादी मुलाच्या हाती सोपविली, त्या दिवाळीला त्याने मला सायकल भेट दिली. सांगलीच्या गणपती पेठेत हळदीचे नमुने घेऊन हिंडताना मी जी काळी, अवजड सायकल वापरली, तिच्याशी हिचे काहीच नाते नव्हते. ही हलकी, देखणी आणि पुढे झुकून चालवायची. मी रोज पहाटे मोठ्या हौसेने विश्रामबागेपर्यंत जाऊ लागलो. महिन्याभरात मान आखडू लागली, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, "सायकल सोडू नका, पण ताठ बसून चालवा." म्हणजे हँडल उंच करायला हवे होते, आणि ते उंच होत नव्हते.

हे मुलाला कसे सांगावे? एवढ्या प्रेमाने आणलेल्या वस्तूत खोट काढणे जिवावर आले. सायकल जिन्याखाली उभी राहिली. "अण्णा, आज गेला नाहीत?" असे तो विचारी, मी कधी पाहुण्यांचे, कधी पावसाचे निमित्त पुढे करी. पुढे त्याने विचारणेच सोडले. त्याचा अर्थ मला कळत होता, तरी मी गप्प राहिलो.

एकदा केवळ त्याच्या समाधानासाठी बाहेर पडलो आणि पुढचे चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आदळले. मला थोडे खरचटले. चिमटा मात्र वाकला. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी तो उतरवून माझ्यासमोर धरला.

"शेठ, याच्या नळीला आटे नाहीत. हँडलचा दांडा नळीला बाहेरून आवळतो. नळी जेवढी, तेवढीच उंची. ही तर विकतानाच कापून आखूड केली आहे."

ही पद्धत १९९०च्या दशकात रूढ झाली. ती हलकी आहे, आणि तिच्या जुळणीला एक-दोन षट्कोनी किल्ल्या पुरतात. जुन्या पद्धतीत चिमट्याच्या नळीला वर आटे असतात, त्यांवर वाटी आणि लॉकनट फिरवून बसवतात, आणि हँडलचा दांडा नळीच्या आत उतरतो. वरचा बोल्ट आवळला की दांड्याच्या तळाची पाचर आतून घट्ट धरते. सैल केला की दांडा वरखाली करता येतो. बिनआट्यांचा नवा, न कापलेला चिमटाही चालला असता, पण त्याची उंची एकदाच ठरवावी लागली असती. मी आट्यांचा चिमटा बसवायचे ठरविले.

मिस्त्रींनी मापे घेण्याआधीच मी बाजारात जाऊन, घासाघीस करून, एक चिमटा घेऊन आलो. त्यांनी तो हातात घेऊन परत ठेवला. माझ्या फ्रेमला २८.६ मिलिमीटर जाडीची नळी हवी होती. मी आणलेली काळ्या सायकलीची, २५.४ मिलिमीटरची. जन्मभर तराजूशी व्यवहार केलेल्या माणसाला सुमारे ३ मिलिमीटरांनी खोटे पाडले! मग त्यांनी फ्रेमच्या पुढच्या नळीची लांबी मोजली, तीत वाट्यांची उंची मिळविली, चाकाचे आणि ब्रेकचे माप पाहिले आणि जुळणारा चिमटा चार दिवसांनी मिळवला.

जोडणीच्या दिवशी मुलगा अचानक तेथे आला. "अण्णा, सायकल विकताय का?"

आता लपविण्यात अर्थ नव्हता. मान, बोटे, डॉक्टर, सगळे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती नळी मीच कापायला सांगितली होती. दिसायला बरी वाटते म्हणून. पण तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुकानातली प्रत्येक नोंद त्याने मला दाखवावी असा आग्रह धरणारा मी, स्वतःच्या मानेचे दुखणे मात्र आठ महिने त्याच्यापासून दडवून बसलो होतो.

मिस्त्रींनी नव्या वाट्या ठोकून बसविल्या, ग्रीसमध्ये छर्रे मांडले आणि चिमटा खालून वर घातला. आट्यांची वाटी हाताने फिरविली, वर वॉशर, मग लॉकनट. एका पान्याने वाटी धरायची आणि दुसऱ्याने नट आवळायची. तो दुसरा पाना मुलाने धरला. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलविली, खटखट नव्हती. पुढचे चाक उचलले, हँडल सहज फिरले. मग दांडा उतरविताना मिस्त्रींनी त्यावरची एक रेघ दाखविली. "ही कायम नळीच्या आत राहिली पाहिजे. रेघ बाहेर आली की पकड अपुरी पडते."

सायकल आता थोडी जड झाली आहे, आणि मुलाच्या मते पूर्वीइतकी देखणी राहिलेली नाही. मी रोज पहाटे ती ताठ बसून चालवितो. रविवारी तो हँडल खाली घेऊन नेतो. त्यासाठी त्याने दांड्यावर रंगाने दोन खुणा केल्या आहेत, एक त्याची आणि एक माझी. परतल्यावर तो ते पुन्हा माझ्या खुणेवर आणून ठेवतो आणि विचारतो, "अण्णा, मान कशी आहे?" आता मी खरे सांगतो.