भंडारदऱ्याचं नितळ पाणी अन् आपल्या नाल्याचं चहासारखं पाणी



पावसाने दोन दिवस उघडीप दिली, सोयाबीनची डवरणी उरकली, म्हणून आज लिहायला बसलो. विषय फिरायला जाण्याचा आहे, पण शेवटी तो वावरातच येतो.

मागच्या डिसेंबरात हरभऱ्याला एक पाणी देऊन झालं होतं. तूर शेंगा भरत होती. आठ दिवस तसं मोकळेच होतो. पोरगा अन् पुतण्या कधीचे मागं लागले होते, की बाबा, भंडारदऱ्याला जाऊ, तळ्याच्या काठावर तंबूत राहू. अकोल्याहून रात्रीची रेल्वे धरली, सकाळी इगतपुरीला उतरलो. तिथून घोटी, बारी करत शेंडी. बारीला कळसूबाईचं शिखर दिसतं, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. शेंडीच्या वर धरण.

हे धरण प्रवरा नदीवर आहे. काम १९१० मध्ये सुरू झालं अन् १९२६ मध्ये पूर्ण झालं. गव्हर्नर विल्सनच्या नावावरून विल्सन डॅम, अन् मागच्या पाण्याला आर्थर लेक म्हणतात. दगडी बांधकाम, उंची २७० फूट. साठा अकरा टीएमसी. खाली अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूरपर्यंतचा ऊस या पाण्यावर उभा राहिला.

पण खरं सांगतो, धरणाच्या भिंतीपेक्षा मी पाणीच पाहत राहिलो. आम्ही नाव केली, रतनवाडीकडे निघालो. काठाजवळ पाण्याखालचे गोटे मोजता येत होते. पुतण्या म्हणे, "काका, काचावाणी पाणी हाये ना!" तो हात घालून खेळायला लागला तसे नाववाले दादा त्याला म्हणाले, "बाळा, वाकू नको. नितळ पाणी दिसतं त्यापेक्षा खोल असतं." ही गोष्ट तुम्हीही ध्यानात ठेवा. असल्या पाण्यात तळ जवळ वाटतो, म्हणून पोरं उतरतात अन् फसतात.

रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, ते पाहिलं. मागं रतनगड. रात्री तंबूपुढं शेकोटी, भाकर-पिठलं, अन् अशी थंडी की दोन घोंगड्यांतही पोरं कुडकुडत होती. सकाळी पाण्यावर धुकं होतं, ते हळूहळू उठलं अन् डोंगर जसाच्या तसा पाण्यात उतरला. दोन दिवस मजेत गेले. पण डोक्यात एकच प्रश्न फिरत होता, की हे पाणी इतकं स्वच्छ राहते काहून?

पाऊस कमी म्हणावा, तर घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या वाशिमला साडेसातशे-आठशे. म्हणजे आपल्या पाच-सहा पट. अन् उतार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. हिशोबाने तर सगळा डोंगर वाहून धरणात यायला पाहिजे होता.

नाववाल्या दादांनाच विचारलं. ते म्हणाले, "पहिल्या पावसात या, इथंबी लाल पाणी दिसंल. पण वर जंगल आहे, कातळ आहे, अन् खाली सगळी भाताची खाचरं. खाचरात पाणी थांबतं, गाळ तिथंच बसतो."

परत येताना ती खाचरं मी नीट पाहिली. डोंगराच्या पायथ्याला पायऱ्या-पायऱ्यांनी उतरलेली, प्रत्येकाला चारी बाजूंनी बांध. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात, खालच्यातलं त्याच्या खालच्यात. पळत आलेल्या पाण्याला दहा ठिकाणी बसवून मग पुढं सोडल्यासारखं. वर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं जंगल, ते १९८६ पासून राखीव. तिथं थेंब पानावर पडतो, मग पालापाचोळ्यावर, मग जमिनीवर.

आता आपल्याकडे पाहा. जून लागतो तेव्हा जमीन वखरून भुसभुशीत केलेली असते, वर काडी नसते. सोयाबीनच्या पानांनी जमीन झाकायला महिना-सव्वा महिना लागतो, अन् जोराचे पाऊस तेवढ्यातच येतात. थेंब सरळ उघड्या मातीवर आपटतो. आपली काळी माती चिकण, तिचा कण एवढा बारीक की पाण्यात एकदा मिसळला तर लवकर खाली बसत नाही. म्हणून तर नळयोजनेत तुरटी टाकावी लागते.

आपला जिल्हा पण माथ्यावरचाच आहे हे आपण विसरतो. काटेपूर्णा नदी आपल्याच काटा गावाकडून निघते, उत्तरेला जाते अन् महानच्या धरणात थांबते. ते पाणी अकोला शहर पिते. दक्षिणेकडचं पाणी पैनगंगेला जाते. म्हणजे आपल्याकडे वरून वाहत येणारं कमी, आपल्याकडून वाहून जाणारंच जास्त. इकडे पावसाळ्यात धरणावर फिरायला गेलं तर पाणी गढूळ दिसते, लोक म्हणतात पाणी खराब आहे. मला आता ते पाणी खराब वाटत नाही. ते कोणाचं तरी वावर आहे.

माझ्या वावराच्या वरच्या धुऱ्यावर एक बाभूळ आहे. वडिलांच्या काळी तिचं खोड जमिनीबरोबर होतं. आज खालच्या बाजूनं तिच्या मुळ्या वीतभर उघड्या आहेत. बाभूळ काही वर उचलली गेली नाही, जमीन खाली गेली. वरच्या टोकाला नांगरताना आता मुरूम लागतो. माझं वय पन्नाशीच्या पुढं गेलं. पोराच्या हाती सातबारा जाईल तेव्हा त्यावर एकर तेवढेच राहतील, माती किती राहील हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नसते.

एक हिशोब करून पाहा. एक एकरावरून फक्त एक मिलिमीटर माती गेली, तर ती चार घनमीटर होते. आपल्या भाषेत जवळपास दीड ब्रास. मग उन्हाळ्यात तोच गाळ तलावातून काढायला आपण ट्रॅक्टर लावतो अन् डिझेल जाळून वावरात आणून टाकतो. गाळ आणू नका असं मी म्हणत नाही, जरूर आणा. पण गेलीच नसती तर?

म्हणून यंदा जूनमध्ये एक काम केलं. माझे दोन तुकडे आहेत. एक लांबट, अरुंद, तिथं तासं उताराच्या बाजूनेच धरावी लागतात. दुसऱ्यात उताराला आडवी पेरणी केली, पेरणी यंत्राचं एक नळकांडं बंद ठेवून ठराविक तासांनंतर रिकामं तास सोडलं, अन् डवरणीच्या वेळी डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळून तिथं सरी पाडली. खालच्या धुऱ्यावरचं गवत कापलं नाही, राहू दिलं.

मोठा पाऊस आला त्या दिवशी दोन्ही तुकड्यांच्या खालून एकेक बरणी पाणी भरलं अन् खिडकीत ठेवलं. पहिल्या बरणीचं पाणी चहासारखं, दुसऱ्या दिवशी तळाला गाळाचा थर, वरचं पाणी तिसऱ्या दिवशीही गढूळच. दुसऱ्या बरणीतही माती होतीच, पण थर पातळ अन् रंग फिका. हा काही विद्यापीठाचा प्रयोग नाही, दोन बरण्या आहेत. पण पोरगा रोज येता-जाता पाहतो. त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही.

लांबट तुकड्याचं काय करायचं ते ठरवलंय. मधे दोन ठिकाणी आडवे गवताचे पट्टे सोडणार. तेवढी तासं कमी होतील, होऊ द्या.

तुम्हीही येत्या मोठ्या पावसात आपल्या वावराच्या शेवटच्या टोकाला जा अन् एक बरणी भरा. तीन दिवस ठेवा. फोटो काढा अन् खाली टाका, सोबत जमीन काळी की मुरमाड, उतार किती अन् पेरणी कशी हे लिहा. धुऱ्यावर कोणतं गवत चांगलं टिकते हे ज्यांना माहीत आहे त्यांनी तेही सांगा, मला लावायचं आहे.