विकायचे घर आणि ओली भिंत

अब्बांच्या पश्चात पारनेरचे घर विकायचे ठरले. आम्ही दोघे भाऊ पुण्यात, आपा मुंबईत. कुलूपबंद घर दर पावसाळ्यात थोडे थोडे खचत जाते. पाहायला येणारे बहुतेक तालुक्यातलेच, सुपा एमआयडीसीत नोकरी करणारे, भाड्याच्या खोल्यांना कंटाळलेले. आम्ही नव्या टाइल्स आणि ग्रॅनाईटच्या ओट्याचा हिशोब करत होतो आणि ते विचारत होते, "पाण्याचं काय?"

बरोबरच आहे. पारनेर पर्जन्यछायेतला, दुष्काळ पाहिलेला तालुका. इथे घर घेणारा आधी टाकी बघतो, मग हॉल. टाइल्स रद्द केल्या. जमिनीखालची टाकी उपसून आतून गिलावा केला, गंजलेले पाइप बदलले. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करून, कडेने बांध घालून पाणी भरून ठेवले आणि खालून छत निरखत बसलो. फ्यूज काढून एमसीबी बसवले. मागच्या अंधाऱ्या खोलीची खिडकी मोठी केली. एवढ्याशा कामाने खोली दुप्पट वाटू लागली. ओटा मात्र कडाप्प्याचाच ठेवला. आपाचे म्हणणे, येणारी बाई तो आपल्या उंचीप्रमाणे फोडून पुन्हा बांधणारच, मग आपण कशाला पैसे घालायचे?

खरा पेच मागच्या भिंतीचा होता. भिंत जुनी, दगड-मातीची, वरून सिमेंटचा गिलावा. अशा भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. खार फुटतो, रंगाचे पोपडे सुटतात. एजंट म्हणाला, "भाईसाब, पीव्हीसी पॅनल ठोका. दोन दिवसांत भिंत चकाचक. गिऱ्हाईक काय पॅनल उचकटून बघणार आहे?"

खर्च कमी, काम झटपट. आम्ही आपाला फोन लावला. तिने धान्याच्या ढिगाची हदीस आठवून दिली. प्रेषित (स.) बाजारात ढिगात हात घालतात आणि आत बोटांना ओल लागते. पावसाने भिजले, असे विक्रेता सांगतो; तर मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, एवढेच ते विचारतात आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानत नाहीत. "आपली तर भिंतच ओली आहे," आपा म्हणाली. कायदाही वेगळे सांगत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला पण घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा मोठा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

पॅनल आणलेच नाहीत. सिमेंट खरवडून उन्हाळाभर भिंत उघडी सुकू दिली, मग चुन्याचा गिलावा केला. भिंतीलगत साचणारे पाणी गटार काढून दूर नेले. मिस्त्रीने हातचे राखून सांगितले, "ओल कमी होईल, पार जाईल असं म्हणत नाही." तेव्हा तेही सांगायचे ठरले.

वाटण्या शरीअतप्रमाणे: आम्हा भावांचे दोन-दोन वाटे, आपाचा एक. दुरुस्तीचा खर्चही पाचात त्याच प्रमाणात. हे लिहायला हवे, कारण कित्येक घरांत 'दुरुस्तीला फार लागले' म्हणता म्हणता बहिणीचा वाटा विरघळून जातो. सिमेंटच्या गोणीपासून मिस्त्रीच्या मजुरीपर्यंत प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी आपाला जायचा. एकदा तिने बेरीज चुकल्याचेही पकडले, दुकानदाराची होती.

शेवटी एक जोडपे आले, सोबत मुलाची आई. टाकी दाखवायच्या आधी त्यांना मागे नेले आणि भिंतीचे सगळे सांगितले. आजींनी तळवा टेकवून पाहिला, बराच वेळ. मुलाने भाव कमी करायला सांगितला. त्याने मागितली तेवढी नाही, पण थोडी किंमत आम्ही उतरवली. एजंट नाराज झाला. साठेखताच्या दिवशी त्या मुलाने स्वतःहून विचारले ते मिस्त्रीबद्दल. त्याच्या गावाकडच्या घरालाही तसाच खार फुटला होता. आम्ही नंबर दिला.