२६ वर्षांनी पूजेला बसलो

गेल्या चवथीला हरमलच्या आमच्या मूळ घरात, माटोळीखाली, मी सोवळे नेसून उघड्या अंगाने गणपतीच्या पूजेला बसलो. घरातला थोरला असूनही तब्बल २६ वर्षांनी. मधली सगळी वर्षे पूजा धाकट्या भावाने केली. कारण माझा सोरायसिस.

पाठ, पोट, कोपरे, सगळीकडे लाल चट्टे आणि वर पांढरे खवले. बँकेत लेजरवर कोंडा पडायचा, तो कुणी बघायच्या आत फुंकर मारून उडवायचो. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, पण काही ग्राहक माझ्या हातची नोट चिमटीत धरायचे. मलमे झाली, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी झाली. यकृताचे आकडे वाढले, तीही बंद. गोड्या तळ्याकडची मातीसुद्धा फासून झाली!

शेवटी म्हापशाच्या डॉक्टरांनी सेक्युकिनुमॅब हे बायोलॉजिक इंजेक्शन सुचवले. म्हणाले, "काका, त्वचा नवी व्हायला महिनाभर लागतो, तुमची चार-पाच दिवसांत होते. हा गोंधळ घालणारा इंटरल्युकिन-१७ नावाचा निरोप्या आहे, त्याला हे औषध अडवते." औषध म्हणजे जिवंत पेशींत बनवलेले प्रथिन. गोळी केली तर पोटातच पचून जाईल, म्हणून टोचायचे आणि फ्रीजमध्ये ठेवायचे.

किंमत ऐकून माझ्यातला बँकवाला जागा झाला. सौ. म्हणाली, "अहो, ती एफडी मग कुणासाठी ठेवलीय?"

आधी तपासण्या केल्या, त्यात क्षयाचे सुप्त जंतू सापडले. आजोबा क्षयाने गेले, लहानपणी मी त्यांच्याच खोलीत निजायचो. म्हणून आधी काही महिने त्याच्या गोळ्या. मग पाच आठवडे दर आठवड्याला आणि पुढे दर महिन्याला इंजेक्शन. तिसऱ्या महिन्यात पाठ साफ!

आजार मुळासकट गेला नाही हं. औषध थांबवले तर परत येऊ शकतो. ताप-खोकला आला तर आधी डॉक्टरांना फोन. आमच्या भाषेत सांगायचे तर कर्ज फिटलेले नाही, हप्ते वेळेवर चाललेत.

चवथीच्या सकाळी भावाने सोवळे हातात दिले. "दादा, आता तू बस."

तेव्हा कळले, घरातल्या कुणीच मला कधी उठवले नव्हते. मीच उठून गेलो होतो.

तुमच्या घरात कुणी असे पूर्ण बाह्यांत लपत असेल, तर त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. आणि तोवर पंगतीत आपल्या शेजारी बसवा.