परगावचा पिझ्झा, घरची भट्टी

पिनोकिओचा जनक कार्लो कोल्लोदी हा फ्लॉरेन्सचा माणूस. 1880च्या दशकात त्याने शाळकरी मुलांसाठी इटलीच्या प्रवासाची पुस्तकं लिहिली. त्यांत नेपल्सचा पिझ्झाही येतो, आणि कोल्लोदी त्याच्याकडे अगदी नाक मुरडून पाहतो. कडेचा करपलेला काळा रंग, लसूण आणि अँकोव्हीचा पांढुरका, तेलाचा हिरवट पिवळा, मधूनच टोमॅटोचा लाल. हे सगळं एकत्र पाहून त्याला तो पदार्थ विकणाऱ्याच्या अवताराइतकाच मळकट वाटला. फ्लॉरेन्सच्या सुशिक्षित घरांत तेव्हा पिझ्झा ही दक्षिणेकडच्या गरिबांची, रस्त्यावर उभ्याने खायची गोष्ट होती.

त्याच फ्लॉरेन्सपासून सिएनाकडे निघालं की कियांतीच्या टेकड्या लागतात. द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडं, त्यांच्यामध्ये दगडी शेतघरं. यांतल्या कितीतरी घरांच्या अंगणात आता दुपार कलली की लाकडी टेबलं मांडली जातात, पाहुण्यांना एप्रन दिले जातात आणि पिझ्झा शिकवला जातो. पाहुणे जगभरचे असतात. पुण्या-मुंबईची कुटुंबंही त्यांत असतात. बहुतेकांना वाटतं, आपण या मातीतला जुनापुराणा पदार्थ शिकतो आहोत. प्रत्यक्षात या भागात, म्हणजे टस्कनीत, पिझ्झा परगावचा. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेतली माणसं कामासाठी उत्तरेच्या शहरांकडे गेली, तेव्हा त्यांच्यासोबत तो घरोघर, गल्लोगल्ली पोचला. इथली खरी जुनी गोष्ट आहे ती अंगणातली भट्टी.

ही भट्टी पिझ्झ्यासाठी बांधलेली नव्हती. टस्कनीत शतकानुशतकं मेझ्झाद्रिया म्हणजे अर्धेलीची शेती चालली. जमीन मालकाची, राबणारं कुटुंब कुळाचं आणि पीक निम्मं निम्मं. कुळाचं मोठं खटलं एकाच घरात राहायचं आणि आठवड्यातून एकदा भट्टी पेटवून आठवडाभराचा पाव भाजून ठेवायचं. पाव बिनमिठाचा, जाड कवचाचा. शिळा झाला की तो सूपमध्ये शिजे, नाहीतर भिजवून कांदा-टोमॅटोबरोबर कालवला जाई. पाव आत सारण्याआधी कणकेचा एक गोळा बोटांनी चेपून, तेल लावून भट्टीत टाकायचे. हीच स्कियाच्चाता. ती किती वेळात तांबूस होते यावरून भट्टीचा ताव कळायचा आणि पोरांच्या हातात गरमागरम खाऊ पडायचा. टस्कनीत पिझ्झ्याची जवळची नातेवाईक कोणी असेल तर तीच.

मग माणसं निघून गेली. 1951 मध्ये इटलीतल्या काम करणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक शेतीत होते. वीस वर्षांत हे प्रमाण वीस टक्क्यांच्याही खाली आलं. 1964च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. तोवर तरुण पोरं कारखान्यांत पोचली होती. घरं ओस पडली, छपरं खचली. पाव दुकानातून येऊ लागला आणि भट्ट्या थंड झाल्या.

या घरांना पुन्हा धूर दिसला तो आग्रितुरिज्मोमुळे, म्हणजे शेतकऱ्यानेच चालवलेल्या पाहुणचारामुळे. 1985 मध्ये त्यासाठी देशव्यापी कायदा झाला आणि 2006 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्यातल्या अटी मोलाच्या आहेत. मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे. पाहुण्यांसाठी शेतावरच्या मूळ इमारतीच वापरायच्या. ताटात स्वतःच्या शेतातला माल लक्षणीय प्रमाणात हवा. किती, ते प्रत्येक प्रांत ठरवतो. आज अशी शेतघरं देशभरात पंचवीस हजारांहून अधिक आहेत. महाराष्ट्रानेही 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडच्या हुरडा पार्ट्या पाहिल्या की शेतकऱ्याच्या अंगणात बसून खाण्याची ओढ इथेही किती आहे ते दिसतं. पण शेती आधी आणि पाहुणचार नंतर, हा क्रम कायद्यातच पक्का बांधलेला असणं ही इटलीची मोठी कमाई आहे. तो क्रम सुटला की शेतघराचं हॉटेल व्हायला वेळ लागत नाही.

अशा शेतघरातला पिझ्झ्याचा वर्ग सुरू होतो तो पिठापासून. दोन शून्यांचं पीठ म्हणजे गव्हाचं अतिशय बारीक, जवळजवळ कोंडा नसलेलं पीठ. त्यात पाणी, मीठ आणि चिमूटभर यीस्ट. यीस्ट इतकं थोडं पाहून पाहुणे चकित होतात. नेपल्सच्या पद्धतीला युरोपीय संघाने 2010 मध्ये जे संरक्षण दिलं, त्याच्या नियमांत एक लिटर पाण्याला यीस्ट अवघं 3 ग्रॅम सांगितलं आहे. बाकीचं काम वेळाने करायचं. म्हणूनच बऱ्याच वर्गांत पाहुणा जी कणीक मळतो ती त्या संध्याकाळी त्याच्या ताटात येतच नाही; भाजायला आदल्या दिवशी मळून ठेवलेले गोळे दिले जातात. काहींना यात फसवल्यासारखं वाटतं. खरं तर वर्गातला सगळ्यात प्रामाणिक भाग हाच. गव्हातली प्रथिनं पाण्याने जुळून त्यांची लवचिक जाळी व्हायला आणि त्या जाळीत वायू साठायला तास लागतात. पाहुण्यांना घाई आहे म्हणून ते तास कमी होत नाहीत.

गोळा पसरायची वेळ आली की लाटण्याची सवय आडवी येते. इथे लाटणं नाही. मधून कडेकडे बोटांनी दाबत जायचं, कड मात्र सोडायची. तिथे ढकललेला वायूच भट्टीत फुगून काठ उभा करतो. लाटणं फिरलं की तो वायू चिरडला. ज्वारीची भाकरी थापलेल्या बायकांना ही गोष्ट फार समजावावी लागत नाही. पीठ कुठे जाड राहिलं, कुठे विरळ झालं, हे त्यांच्या तळव्याला आपोआप कळतं. यजमानीणबाईंना त्यांची भाषा येत नसते, यांना इटालियन येत नसतं, तरी त्या टेबलाशी दोघींचं बोलणं व्यवस्थित चाललेलं असतं.

भट्टी दोन-तीन तास आधीच पेटवलेली असते. आधी द्राक्षवेलींच्या आणि ऑलिव्हच्या छाटलेल्या वाळक्या काटक्या, मग ओकची लाकडं. म्हणजे जळणही शेतातलंच. सुरुवातीला घुमट आतून काजळीने काळाकुट्ट होतो. ताव वाढत गेला की तीच काजळी जळून जाते आणि विटा पुन्हा पांढुरक्या दिसू लागतात. काळा घुमट पांढरा झाला, आता भट्टी तयार. ही खूण कुळांच्या घरात थर्मामीटर येण्याच्या कितीतरी आधीची. मग निखारे एका बाजूला लोटायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून पिझ्झा आत सोडायचा.

विटेचा हा तळ महत्त्वाचा. 2018 मध्ये आंद्रेई वार्लामोव्ह आणि आंद्रेआस ग्लाट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ सेर्जिओ ग्रासो यांनी पिझ्झा भाजण्यामागचं गणित मांडलं. रोममधल्या विटांच्या भट्टीत सुमारे 330 अंशांना पिझ्झा दोन मिनिटांत होतो. तेवढ्याच तापलेल्या पोलादावर त्याचा तळ करपून कोळसा होईल, कारण पोलाद उष्णता झपाट्याने देतं आणि वीट ती राखून, हळूहळू सोडते. नेपल्सचे नियम तर 485 अंश आणि 60 ते 90 सेकंद सांगतात. शेतावरची भट्टी सहसा इतकी तापवत नाहीत, पण तिथेही नजर हलवायची सोय नसते. आगीकडची बाजू आधी फुगते, काठावर काळे ठिपके उमटतात आणि फावड्याने पिझ्झा फिरवावाच लागतो. बोलत उभा राहिलेल्या पाहुण्याचा पिझ्झा अर्धा काळा होऊन बाहेर येतो.

वर काय घालायचं, इथे मराठी शाकाहारी पाहुण्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा: चीज कशाने विरजलं आहे? पार्मिजानो रेज्जानो नियमानुसार वासराच्या जठरातल्या रेनेटनेच बनतं. म्हशीच्या दुधाच्या नामांकित कांपानियाच्या मोझ्झारेल्लातही तेच असतं. हे ऐकून कोणी खट्टू झालंच, तर मारिनारा आहे. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्हचं तेल. नाव दर्यावर्दी असलं तरी मासळी नाही, चीजही नाही. आणि शेतावर सर्वांत खुलतो तो हाच पिझ्झा, कारण टोमॅटो, लसूण, तेल यांतलं बरंचसं पन्नास पावलांवर पिकलेलं असतं. मोझ्झारेल्ला मात्र बहुधा बाहेरून येतं.

मग टस्कनीच्या शेतात पिझ्झा शिकवणं म्हणजे पाहुण्यांना हवं तेच चित्र उभं करणं झालं का? असा आक्षेप घेणारे लोक आहेत आणि तो अगदीच पोकळ नाही. काही ठिकाणी फक्त एप्रन, फोटो आणि राणी मार्गेरीताच्या नावावरून पिझ्झ्याला नाव पडल्याची 1889ची गोष्ट एवढाच कार्यक्रम असतो. त्या गोष्टीबद्दलही इतिहासकारांना शंका आहेत. पण जिथे मळा खरा आहे, तेल घरचं आहे, तिथे हा आक्षेप टिकत नाही. पावासाठी कोणी पुन्हा भट्टी पेटवली नसती. पेटवायला कारण दिलं ते या परगावच्या पदार्थाने. त्यामुळे घुमटाच्या विटा दुरुस्त झाल्या, छाटणीच्या काटक्या पुन्हा जपून रचल्या जाऊ लागल्या, आणि घरच्या तरुण मुलीला शहरातल्या नोकरीऐवजी हे काम निवडता आलं तर तेही त्यातूनच.

शेवटचा पिझ्झा बाहेर आला तरी भट्टी तासन् तास तापलेली असते. ताव पावाजोगा उतरला की काही यजमानीणबाई बाजूला झाकून ठेवलेले मोठे गोळे आत सारून तोंड बंद करतात. मुक्कामाला राहिलेल्यांना तो पाव सकाळी मिळतो. बिनमिठाच्या पावाचा पहिला घास घेऊन मराठी पाहुणे हमखास मीठ मागतात. यजमानीणबाई मीठ देतात, आणि त्याच्याबरोबर घरच्या तेलाची बाटलीही पुढे करतात.